अव्वा जेवली की मी जेवायचं

माझी नात सध्या नॉर्वेत शिकते. आठवडाभर ती काय शिकते ते मला समजत नाही, पण शनिवार-रविवारी काय करते ते फोनवर दिसतं. ती डोंगरावर असते. मागं बर्फ, पुढं तिचं लालभडक नाक, आणि वाऱ्याचा असा आवाज की वाटावं, कुणीतरी धुणं आपटतंय. "आजी, तू पण असंच हिंडायचीस ना? तुला भीती नाही वाटायची?"

"भुताला कसली भीती?" मी म्हणते.

ती हसते. मीही हसते, पण जरा उशिरा हसते.

कारण माझ्या आयुष्यात एक आठवडा असा गेला की मी मेलेली आहे याची मला पक्की खात्री होती. मी तेव्हा चोवीस वर्षांची, जनावरांची डॉक्टर, सरकारी शिष्यवृत्तीवर स्कॉटलंडला मेंढ्यांचे आजार शिकायला गेलेली. लोहाऱ्यासारख्या गावातून विमानात बसलेली पहिलीच मुलगी असेन. त्याचा मला एवढा माज होता की विमानात पाणी मागतानाही मी मान वाकडी करून मागितलं होतं. आजची मी त्या पोरीला भेटले असते, तर पहिल्यांदा तिची मान सरळ केली असती.

जायच्या आधी आत्या म्हणाली होती, "मेंढरं बघायला समुद्रापल्याड? आपल्या शिवारातली मेंढरं काय आंधळी हायेत का लंगडी?" आत्या म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन परत माहेरी आलेली, आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येकाच्या पाठीत बोलण्याची टाचणी टोचत बसलेली. वडलांना आम्ही अप्पा म्हणायचो आणि आईला अव्वा. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. रागावताना अव्वा कानडीत रागवायची आणि माया करताना मराठीत यायची. का कुणास ठाऊक, आत्याचं नेमकं उलटं होतं. म्हणजे ती माया करायची तेव्हा.

आम्ही लिंगायत. मूल जन्मलं की थोड्याच दिवसांत अय्या येतात. अय्या म्हणजे आमचे जंगम, आमचे गुरू. ते लेकराच्या गळ्यात लिंग बांधतात. बोराएवढं काळं लिंग, चांदीच्या डबीत, पांढऱ्या दोऱ्यात. रोज सकाळी न्हाऊन ते डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, दोन थेंब पाणी, एखादं फूल, आणि त्याच्यावर नजर लावून बसायचं. मगच तोंडात घास. ते अंगावरून कधी उतरवायचं नाही. मेल्यावर माणसाला बसवून पुरतात, तेही लिंगासकट.

आणि ज्याचं लिंग हरवलं, त्याचा जीव गेला. हे आत्याचं वाक्य. आत्याच्या सासरच्या गावात म्हणे एका माणसाचं लिंग ओढ्याच्या पुरात वाहून गेलं. तो काठावर बसला. बायको भाकरी घेऊन आली, त्यानं खाल्ली नाही. "कुणासाठी आणलीस?" एवढंच म्हणाला. लोक समजूत काढायला आले, तर तो त्यांना ओळखेना. बसल्या जागीच गेला. ही गोष्ट सांगून झाली की आत्या आमच्या ताटात आणखी एक भाकरी टाकायची आणि म्हणायची, "खावा. तुमचं हाय न्हवं गळ्यात?"

मी या गोष्टीला हसत असे. शिकलेली होते ना.

तिथं शनिवारी डोंगर चढणाऱ्यांचा एक गट होता. म्होरक्या एक लाल दाढीवाला, दगडांचा अभ्यास करणारा. डोंगरावर तो असा चालायचा जणू खाली कुणाचा तरी बैल मोकाट सुटलाय आणि वर जाऊन त्याला हाका मारायच्यात. माझी खोलीसोबतीण घानाची होती. ती उंच, शांत, आणि थंडीला मनापासून शिव्या देणारी. ती डोंगरावर कधी यायची नाही. "माझ्या आजोळी डोंगरावर पूर्वज राहतात," ती म्हणायची, "बोलावल्याशिवाय आपण जात नाही." पण तिची जाड पँट मात्र मला द्यायची. ती पँट मला काखेपर्यंत यायची. वरून मी अव्वानं दिलेली शाल मफलरसारखी गुंडाळायचे. पाठीवरच्या पिशवीत पावात शेंगाचटणी भरून घ्यायचे. पहिल्याच शनिवारी लाल दाढीनं तो पाव खाल्ला, आणि मग ओढ्यात तोंड घालून बराच वेळ तसाच राहिला. माझा मान वाढला तो तिथून.

मग तो तळ्याचा शनिवार आला.

दोन डोंगरांच्या मधे एक तळं होतं. पाणी काळं. घाण नव्हे, काळं. तिकडच्या डोंगरावरची कुजकी माती पाण्यात उतरते, त्यामुळं ओंजळीत घेतलं तर बिनदुधाचा चहा, आणि तळ्यात पाहिलं तर काजळ. भोवती एक झाड नाही. ऊन पडलेलं, पण ते पाण्यावर थांबत नव्हतं, आत जात होतं. दोघा-तिघांनी कपडे काढून उड्या टाकल्या आणि आरडाओरडा करत लगेच बाहेर आले. लाल दाढी मला म्हणाला, "तू काठावरच थांब. तुझ्या देशात पाणी गरम असतं."

माझ्या देशात! मी लोहाऱ्याच्या शिवारातल्या विहिरीत, थोरल्या भावाच्या देखरेखीखाली, पाठीला पांगऱ्याचं लाकूड बांधून पोहायला शिकलेली. वरून सूर मारून तळातला गाळ मुठीत आणून दाखवणारी. मला काठावर थांब म्हणतो?

आमच्याकडं गडी विहिरीत उतरताना लिंग डोक्याला बांधतात. गळ्यात राहिलं तर डबी हेलकावते, दोरा भिजून गाठ सैल होते. डोक्यावर फेट्याच्या पदरात घट्ट गुंडाळलं की ते देवाच्या जागी राहतं आणि माणूस निवांत पोहतो. मी लहानपणापासून अंबाड्यात बांधायची. तसंच तिथंही बांधलं. दोरा केसांत गुंफला, अंबाडा आवळला, वर शालीच्या काठाची फाडलेली एक पट्टी. घानावालीच्या पँटीसकट सूर मारला.

विहीर आणि ते तळं यांत एक फरक होता, तो कुणी मला सांगितला नव्हता. विहिरीचं पाणी माणसाला झेलतं. त्या पाण्यानं माझ्या छातीवर लाथ मारली. श्वास बाहेर गेला तो परत येईना. डोकं धरून कुणीतरी पिळतंय असं वाटलं. मी हात-पाय मारले की मारले नाहीत, आठवत नाही. लाल दाढीनं माझी मानगूट धरून मला बाहेर काढलं, शेळीचं करडू काढावं तसं. काठावर पडले तेव्हा माझे केस मोकळे होते.

मोकळे.

मी हात लावून पाहिलं. गळा पाहिला. शालीची पट्टी पाण्यावर तरंगत होती, आणि तिच्याखाली काळं, सरळ खाली गेलेलं काळं. आमच्या विहिरीत असतं तर मी तळाशी जाऊन आणलं असतं. लाल दाढी म्हणाला, या तळ्याचा तळ कुणी पाहिलेला नाही. तो अभिमानानं म्हणाला. डोंगरवाल्यांना असल्या गोष्टींचा अभिमान असतो.

आता ऐका त्या शिकलेल्या पोरीचा शहाणपणा. खोलीवर येईपर्यंत तिनं मनाशी ठरवलं होतं की हा नुसता दगड होता, चांदीची डबी होती, आणि माणूस हृदयानं जगतो. हृदय तिनं स्वतः किती मेंढ्यांचं कापून पाहिलं होतं. हे सगळं ठरवून ती रात्रीच्या जेवणाला बसली, ताट पुढं घेतलं, आणि उचललेला घास तिला तोंडात घालता येईना. हात वर यायचा, ओठाशी थांबायचा. कानात एवढंच: कुणासाठी आणलीस?

मग तिनं पळवाट काढली. भाकरी नाही, भात नाही, पण केळं चालतं. उपासाला चालतं ना? मेलेल्या माणसाला केळं चालतं का हे विचारायला तिथं अय्या कुठून आणणार? आठवडाभर मी केळी आणि काळा चहा यांवर राहिले. वर्गात बसले, मेंढीच्या फुप्फुसातल्या कृमींवर चार पानं लिहिली. आणि एकेक पुरावा जमत गेला. बसचा वाहक माझ्यापाशी न थांबता पुढं गेला. दुकानातल्या बाईनं माझ्या मागच्या गिऱ्हाइकाला आधी विचारलं. काचेचं दार मी ढकललं ते उघडलं नाही. (ते ओढायचं होतं.) आरशात मी होते, पण आरशाचं काय, तो काहीही दाखवतो.

पुढच्या शनिवारी मी परत तळ्यावर गेले. गटाला सांगितलं, माझी वस्तू पडलीय. "लॉकेट?" एकीनं विचारलं. मी म्हणाले, "माझा जीव." ते हसले. मी हसले नाही, तेव्हा तेही थांबले. लाल दाढीनं कपडे काढले, कमरेला दोर बांधला आणि बुडी मारली. वर आला, परत गेला. मी काठावर बसून पाण्याकडं बघत होते. पाण्यात माझं तोंड दिसत होतं आणि ते माझ्याआधी हलत होतं. खरंच सांगते. मी मान वळवायच्या आधी ते वळत होतं. आज मी म्हणते, केळी खाऊन आठवडा काढला की माणसाला असंच दिसतं. पण ही समजूत मी दिवसा घालते.

तो बाहेर आला तेव्हा निळा पडला होता. "नाही," एवढंच म्हणाला, आणि माझ्याकडं बघायचं त्यानं टाळलं. उतरताना धुकं आलं. बसपाशी पोचल्यावर त्यानं नेहमीसारखी डोकी मोजली. "एक कमी आहे," तो म्हणाला. परत मोजली. "एक कमीच आहे. कोण राहिलं वर?"

मी त्याच्या समोर उभी होते.

मग कुणीतरी माझा दंड धरून मला पुढं ओढलं आणि सगळे हुश्श झाले. खरी गोष्ट अशी होती की मी अंगभर करडी शाल गुंडाळून करड्या भिंतीला टेकून करड्या धुक्यात उभी होते. तो बिचारा काय मोजणार? पण मला ते कळायला कित्येक वर्षं गेली.

खोलीवर आले. घानावाली पलंगावर बसून पायमोजे शिवत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि सुई खाली ठेवली. मी तिला सगळं सांगितलं. इतक्या दिवसांत एकटी तीच हसली नाही. "तुझ्या आईला सांगितलंस?"

"नाही. तिला कसं सांगू? ती मरेल."

"इथं मेलंय कोण, तू की ती?" ती म्हणाली. "ज्यानं बांधलं त्यालाच सोडवता येतं. घरी बोल."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला ओढतच टेलिफोनपाशी नेलं. आमच्या घरी फोन नव्हता. अप्पांच्या ओळखीच्या अडत दुकानात होता. तिथल्या मुनीमानं गडी पाठवून अव्वाला बोलावलं. त्या वेळेला फोन म्हणजे मिनिटामागं काळीज कापलं जायचं. तारेत समुद्राचा आवाज यायचा, आणि आपलंच बोलणं मागाहून आपल्या कानात परत यायचं. अव्वानं आयुष्यात पहिल्यांदा फोन धरला होता. आधी तिनं तो उलटा धरला असावा, कारण मला दुकानातल्या ज्वारीच्या भावाची बोली ऐकू येत होती. मग एकदम तिचा आवाज, आरोळीसारखा.

"ऊट आतेन? जेवलीस का गं?"

बस. तेवढ्यावर मी फुटले. सगळं सांगितलं. विहिरीसारखं डोक्याला बांधलं होतं, पाणी थंड होतं, गेलं, तळ नाही.

पलीकडं समुद्र वाजत राहिला. मग अव्वानं हळू आवाजात विचारलं, "मग आता कोण बोलायलंय?"

त्यात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आजही कधी भर दुपारी झोपेतून उठले की पहिल्यांदा हेच ऐकू येतं.

"मीच बोलतेय अव्वा. मीच."

"उपाशी हाईस?"

"केळी खाते."

"केळी!" आता ती माझी अव्वा झाली. "केळ्यानं काय हुतंय? ऐक. मी आजच मठात जाते. अय्यांकडून तुझं लिंग घेते. माझ्या गळ्यात बांधते. माझ्याजवळ दोन. रोज तुझ्या नावानं पूजा करते आन् मग जेवते. मी जेवले की तू जेवायचं. त्याच्या आधी न्हाय."

"अगं पण इथली वेळ वेगळी आहे. तू जेवतेस तेव्हा इथं पहाट असते."

"मग बरंच हाय की! तू उठायच्या आधी मी जेवलेली असती. निवांत खा." मग दुकानातल्या कुणाला तरी, "ह्याला बंद कसं करत्यात?"

आत्यानं मागाहून सांगितलं, की मठात अय्यांनी नाही म्हटलं होतं. ज्याचं लिंग त्याच्या तळहातावर द्यावं लागतं, असं ते म्हणाले. अव्वानं आपला डावा हात पुढं केला आणि म्हणाली, "हा हात तिनं नऊ म्हैनं माझ्या पोटात बसून वापरलाय. ह्याच्यावर द्या." अय्या काय बोलतात मग.

त्या रात्री मी तीन ताटं जेवले. घानावाली मोजत होती, मी नाही.

आणि मी जिवंत झाले. पुढच्या शनिवारी लाल दाढीनं डोकी मोजली, ती बरोबर भरली. (त्या दिवशी मी घानावालीची पिवळी टोपी घातली होती. पण जाऊ दे.) हिवाळाभर मी हिंडले. गुडघाभर बर्फात पडले, दलदलीत एक बूट गमावला. एकदा उतारावर एक मेंढी उताणी पडलेली दिसली, चारी पाय आभाळाकडं. लोकरीच्या ओझ्यानं मेंढी अशी पडली की तिला उठता येत नाही, पोट फुगून तिथंच मरते. सगळ्यांना वाटलं मेलेलीच आहे. मी तिच्या कुशीला गुडघा लावून तिला पालथी केली, आणि पायांत बळ येईपर्यंत धरून उभी राहिले. ती धडपडत चालायला लागली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी मान वाकडी करून त्या घेतल्या. मला वाटायचं मी फार मोठी झाले. रोज सकाळी उठून पाव खाताना मनात म्हणायची, अव्वा जेवली असेल. एवढंच. आभार नाही, काही नाही. दिवा लावायला बटण दाबतो तसं.

मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही एका लांबट कड्यावर गेलो. वर्षभरात पहिल्यांदा धुकं नव्हतं. वरून समुद्र दिसत होता, आणि समुद्रात बेटं. मी चार पाव खाल्ले, शेंगाचटणीची डबी बोटानं पुसली, आणि गवतावर उताणी पडून हसत होते. कशाला ते आठवत नाही. लाल दाढीनं काहीतरी नक्कल केली असेल.

हा दिवस मी एवढा नीट का सांगतेय, तर त्याच दिवशी सकाळी, वैशाखाच्या उन्हात, लोहाऱ्याला माझी अव्वा गेली. पूजेला बसली होती, तिथंच कलंडली. जेवली नव्हती.

मला कळवलं नाही. अप्पांनी ठरवलं, शिक्षण अर्धवट टाकून पोरगी येईल, आणि येऊन बघणार काय? अव्वाला लिहिता येत नव्हतं. पत्रं अप्पांचीच असायची, त्यांत पाऊस आणि तुरीचा भाव. अव्वा त्या पत्रांत आधीही नव्हती, नंतरही नव्हती.

परत आले तेव्हा श्रावण होता. सोलापूरहून एसटीनं लोहाऱ्यात उतरले, तर स्टँडवर आत्या उभी. आत्या स्टँडवर कधी कुणाला आणायला जायची नाही. स्टँडवर उभं राहणं तिला बायकांचं काम वाटत नसे. तिनं माझी पिशवी घेतली. "न्हाय गं तुझी अव्वा," ती रस्त्याकडं बघत म्हणाली. "वैशाखात गेली."

माणसं अशा वेळी रडतात. माझ्या तोंडून बाहेर काय आलं? "मग जेवत कोण होतं?"

रस्त्यावरच्या लोकांनी वळून पाहिलं. परदेशात शिकून पोरीला वेड लागलं असं त्यांना वाटलं असेल. पण आत्याच्या हातातली पिशवी खाली टेकली. तिला कळलं.

"कुणीच न्हाय," ती म्हणाली.

घरात गेल्यावर तिनंच सांगितलं. अव्वाला बसवलं, विभूती लावली. डाव्या तळहातावर तिचं लिंग ठेवायचं, तर अय्यांना गळ्यात दोन दिसली. "हे लेकीचं," आत्या म्हणाली. "मग काढून ठेवा, ती आल्यावर तिला द्या," अय्या म्हणाले. पण निघेनात. माझी गाठ सुटून लिंग गेलं, म्हणून अव्वानं दोन्ही दोरे एकमेकांत गुंफून टाकले होते. वेणीसारखे, गळ्याच्या मागं, पार घट्ट. वर गाठीवर गाठी. बायकांनी नखं लावून पाहिली, सुई घालून पाहिली. कापता येत नव्हतं. लिंगाचा दोरा कोण कापणार? कात्री घेऊन कुणी पुढं येईना. ऊन चढत होतं. शेवटी अय्या म्हणाले, "जे अंगावर हाय ते अंगाबरोबर जाऊ द्या."

म्हणजे मीही गेले. आमच्याच शेतात, बांधाच्या कडेला.

आणि वैशाख ते श्रावण मी रोज खात होते. बकाबका. कड्यावर चार पाव. माझ्या छातीत काही हललं नाही, डोळा लवला नाही, घास अडकला नाही. लोक सांगतात, आई गेली तेव्हा मला स्वप्न पडलं, हातातून भांडं निसटलं. माझ्या हातातून काहीच निसटलं नाही. ज्या आठवड्यात अव्वा धडधाकट होती, तेव्हा मी मेलेली म्हणून हिंडले. आणि ज्या दिवसांत माझ्या नावानं जेवणारं कुणीच नव्हतं, तेव्हा माझ्याइतकं जिवंत कुणी नव्हतं. भूत म्हणून मी इतकी अडाणी निघाले. मला घाबरवायला आलेल्या गोष्टी सगळ्या खोट्या होत्या, आणि खरी गोष्ट आली तिनं दार वाजवलंच नाही. माझ्यामागं लागलंय ते हे. तळ्यातलं तोंड नाही.

त्या संध्याकाळी आत्यानं पान वाढलं. मी प्रवासाची भुकेली. बसले, आणि हात परत ओठाशी थांबला. अप्पा समोर होते. म्हणाले, "उद्या अय्यांना बोलावतो. नवं बांधून घे. घरात असं राहून चालायचं न्हाय."

"माझं आहे," मी म्हणाले. "आत आहे."

"मग जेवायचं कसं?" अप्पांनी विचारलं. रागानं नाही. थकून विचारलं. घरातलं एक माणूस गेलं होतं, दुसरं ताटावर बसून खात नव्हतं.

मी उठले. पाणी पिऊन झोपले.

पुढं लग्नात सासरच्यांच्या अय्यांनी माझ्या गळ्यात लिंग बांधलं, ते आजही आहे. मी त्याची पूजा करते, नीट करते. पण ते सासरचं, पाहुण्यासारखं. ते माझं आहे असं मला कधी वाटलं नाही, आणि त्यालाही तसं वाटत नसावं. ते असो.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाऊन मी शेताकडं निघाले, तर आत्या मागून आली, फडक्यात काहीतरी बांधून. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बांधाकडेला पाऊस पिऊन गवत गुडघ्याएवढं झालं होतं. जमीन जरा खचली होती, बसलेल्या माणसाच्या मांडीएवढी. शेजारी एक शेळी चरत होती, ती हाकलली तर दोन पावलं जाऊन परत आली.

मी बसले. डावा तळहात पुढं धरला. त्यावर काही नव्हतं. विभूती लावली, ती तळहाताच्या रेघांत गेली. दोन थेंब पाणी, गवतातलं एक पिवळं फूल. नजर लावली. माझ्या खाली, हातभर की दोन हात, अव्वाही तशीच बसलेली होती, तसाच डावा हात पुढं धरून, आणि तिच्या गळ्यात दोन दोरे. मी बघत राहिले. हाताला वजन आलं. प्रवासानं हात बधिर झाला असेल. मी तो हलवला नाही.

आत्या उभी होती. तिनं कधी कुणाच्या पूजेत तोंड घातलं नाही असं झालं नव्हतं, पण तेव्हा गप्प राहिली. मग खाली बसली, फडकं सोडलं. भाकरी, शेंगाचटणी, कांदा. मी हात पुढं केला.

"थांब," आत्या म्हणाली.

तिनं भाकरीचा मोठा तुकडा मोडला, चटणीत बुडवला, आणि तोंडात घातला. सावकाश चावला. गिळला. मग लहान लेकरं औषध घेतल्यावर दाखवतात तसं तोंड उघडून मला दाखवलं.

"मी जेवले," ती म्हणाली. "आता तू."

मी खाल्लं. पहिली भाकरी कशी गेली कळलं नाही. दुसरी आत्यानं मोडून दिली. तिसरीला तिनं माझ्याकडं बघितलं, कपाळावर आठ्या घातल्या, आणि माया करताना बोलायची त्या कानडीत एकदा माझं नाव घेतलं. मग लगेच मराठीत आली.

"मेलेल्या माणसाला भूक बरी लागती गं!"

शेळीनं मान वर केली. मी फडक्यातल्या चौथ्या भाकरीला हात घातला.